निरोगी व्यक्तीची चिठ्ठी

बपेरा, ता. तुमसर
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

चि. नीलेश यास,
बाबूजींचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व यथास्थित आहे. धानाची मळणी परवा आटोपली. थंडी वाढली आहे, आणि तू सांगितल्याप्रमाणे मी कानाला मफलर बांधतो. सौ. राखीला खोकला झाल्याचे आपल्या गावच्या भैय्याजीकडून कळले होते. तो एव्हाना बरा झाला असेल. फॅक्टरीच्या बसच्या वेळा बदलल्या म्हणतात, तेव्हा तुला सकाळी लवकर निघावे लागत असेल.

तुझ्या आईच्या तेरवीनंतर आपण बोललो नाही. तू फोन उचलत नाहीस, याबद्दल माझी तक्रार नाही. जे सांगायचे आहे ते फोनवर सांगण्यासारखे नाही. ऐकलेले वाक्य मागे जाऊन तपासता येत नाही, लिहिलेले येते. भैय्याजी उद्या भंडाऱ्याला निघाला आहे. तो हे पत्र जवाहरनगरला तुझ्या हातात देईल.

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. तुझ्या आईच्या तपासणी कार्डावर लिहिलेला १२०/८० हा रक्तदाब रुचिका जागेश्वर बिसने हिने मोजलेला नाही. हे सिद्ध झाल्यास तू शाळेकडे तिच्याविरुद्ध दिलेली तक्रार उभी राहत नाही, आणि ती तू सोमवारच्या आत लेखी मागे घ्यावीस, एवढीच माझी मागणी आहे. तीस वर्षे मी तुमसरला मुलांना तर्कशास्त्र शिकवले. आधी पुरावा, मग निष्कर्ष, हा क्रम मी घरातही मोडला नाही, असे तू लहानपणी चिडून म्हणायचास. आजही तो मोडणार नाही.

ज्याबद्दल वाद नाही ते प्रथम लिहितो. कार्ड खरे आहे. तुझ्या आईच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, ते तुलाच सापडले. त्यावरचे अक्षर रुचिकाचे आहे, सहीही तिचीच आहे. तारीख १४ ऑक्टोबर. तुझी आई ९ नोव्हेंबरला सकाळी कोसळली आणि ११ तारखेला गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्तदाब पुष्कळ दिवसांपासून वाढलेला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. यावरून तू अनुमान काढलेस की मुलीला मोजता आले नाही, तिने मनाचा आकडा लिहिला, आणि त्या आकड्याच्या भरवशावर आई गाफील राहिली. तुझ्या हाती जेवढे होते तेवढ्यावरून दुसरे अनुमान निघत नाही. तुझ्या विचारात चूक नव्हती. तुझ्या हाती सगळे नव्हते.

आता शाळेबद्दल. अकरावी-बारावीला हेल्थकेअरचा विषय आपल्या संस्थेने चार वर्षांपूर्वी सुरू केला. सचिव म्हणून तो प्रस्ताव मीच मांडला होता. रुग्णाचा बिछाना बदलणे, त्याला कुशीवर वळवणे, नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब मोजणे, असे त्याचे स्वरूप आहे. शिकवायला रिता मॅडम आहेत. यंदा बारावीला आठ मुली आहेत. शाळेतल्या सहामाही प्रात्यक्षिक परीक्षेला रुग्ण लागतात, आणि शाळेत रुग्ण कोठून येणार? म्हणून पहिल्या वर्षापासून एक प्रथा पडली. गावातली चार-पाच वडीलधारी माणसे येऊन बसतात. डब्यातून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर आजार लिहिलेला असतो : ताप, दमा, लकवा, मोडलेला पाय. एका चिठ्ठीवर ‘निरोगी व्यक्ती’ असते. ज्याला जे निघेल ते त्याने दिवसभर व्हायचे, आणि मुलींनी त्याप्रमाणे त्याची सेवा करायची. शेवटी चहा आणि चिवडा.

तुझ्या आईला या प्रकाराचे भारी अप्रूप होते. दसऱ्याला न काढलेले लुगडे ती त्या दिवशी काढायची. गेल्या वर्षी तिला लकव्याची चिठ्ठी निघाली. तिने तोंड एका बाजूला ओढून, डावा हात लोंबता टाकून, असे काही केले की मुली हसून हसून खाली बसल्या. मी रागावलो, तेव्हा तिरक्या तोंडानेच म्हणाली, “मास्तर, लकवेवालीले बोलू नये, पाप लागते.”

यंदा तिला ‘निरोगी व्यक्ती’ निघाली. चिठ्ठी उघडून तिने शेजारच्या चंद्रकांताबाईंना दाखवली. “पाहा वो बाई, औंदा मले काहीच नाही झालं. घरी जाऊ काय?” चंद्रकांताबाईंना दमा निघाला होता. त्या म्हणाल्या, “बस ना. तू निरोगी, अन् मी खोकलून खोकलून मरू काय एकटी?”

तिला रक्तदाबाच्या टेबलापाशी बसवले. आठही मुलींनी तिचाच रक्तदाब मोजायचा, जर्नलमध्ये लिहायचा, आणि शेवटच्या मुलीने कार्ड भरून तिच्या हाती द्यायचे, असे ठरले होते. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. परीक्षक म्हणून नव्हे, सचिव म्हणून. सात मुलींचे झाले. सातांनी १२०/८० लिहिले. आठवी रुचिका.

तिने आधी पंखा बंद करायला सांगितले. मग दारातल्या मुलींना गप्प केले. एकदा मोजले, पट्टा सोडला, थोडी थांबली, पुन्हा मोजले. नेमलेली दहा मिनिटे संपली होती. मी घड्याळ दाखवले. तिने मान हलवली आणि तिसऱ्यांदा पट्टा बांधला. तुझी आई म्हणाली, “बांध माय. हात का लाकडाचा आहे? आठवी होयेस तू.” आणि मग रुचिकाने जर्नलमध्ये लिहिले : १८६/१०४. तोच आकडा कार्डावर लिहिला.

येथे तू थांबशील, हे मला ठाऊक आहे. मीही दोन दिवस याच ओळीपाशी थांबलो होतो. पुढे जातो.

जर्नल माझ्यासमोर आहे. रिता मॅडमकडून मागून आणले. पान एकोणीस. १८६/१०४ हा आकडा स्पष्ट वाचता येतो. त्यावर लाल शाईची आडवी रेघ आहे, आणि बाजूला लाल शाईनेच ‘चूक, पुन्हा लिहा’ असा शेरा आहे. खाली रुचिकाच्या निळ्या अक्षरात १२०/८०. पहिले कार्ड फाडले गेले आणि दुसरे भरले गेले. तुला जे सापडले ते दुसरे. सिद्ध करायचे विधान येथे सिद्ध झाले : कार्डावरचा आकडा तिने मोजलेला नाही, तिच्याकडून लिहवून घेतलेला आहे. तिचा आकडा पान एकोणीसवर आहे.

पत्र येथे संपवता आले असते. काल रात्रीपर्यंत ते येथेच संपलेले होते. सकाळी वाचून पाहिले. या पत्राचा परीक्षक मी असतो, तर समासात एकच प्रश्न लिहिला असता : रेघ कोणाची?

शाळेत लाल शाईचे पेन कोण वापरतो, हे तुला विचारायची गरज पडणार नाही. तुझ्या इंग्रजीच्या वह्यांवर ते चालत असे.

काय घडले ते जसेच्या तसे लिहितो. मी तिला म्हणालो, “हा आकडा बरोबर नाही.”

ती म्हणाली, “सर, मले तिनदा तोच आयकू आला. पाच-सहाचा फरक पडला असन, जास्त नाही.”

“चिठ्ठीवर काय लिहिले आहे?”

“निरोगी व्यक्ती.”

“निरोगी व्यक्तीचा रक्तदाब किती असतो, असे तुला शिकवले?”

“एकशेवीस-ऐंशी.”

“मग?”

ती चिठ्ठीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “पण काकूंचा तेवढा नाही ना, सर.”

मी तिला समजावून सांगितले. मला ते समजावणे शब्दशः आठवते, कारण ते मला आवडले होते. मी म्हणालो की एकाच माणसाचा, एकाच खोलीत, एकाच यंत्राने सात जणींनी रक्तदाब मोजला, आणि सातही जणींचा आकडा एक आला. आठवीचा वेगळा आला. सात साक्षीदार एक सांगत असतील आणि आठवा वेगळे, तर विवेकी माणसाने कोणावर विश्वास ठेवावा? रिता मॅडम काहीतरी म्हणणार होत्या, पण त्यांची नेमणूक दरवर्षी माझ्या सहीने होते. फक्त तुझी आई बोलली. “लिहू द्या ना तिले. पोरगी आयकून राहिली, तुम्ही बोलून राहिले.” सगळ्या हसल्या. मी पेन काढले.

सात साक्षीदारांचे काय ते महिन्याभराने कळले. तेरवीनंतर रिता मॅडमने त्या मुलींना एकेकीला विचारले. स्टेथोस्कोप जुना होता, कानात नीट बसत नव्हता, वर पंख्याची घरघर. सातांपैकी एकीलाही काही ऐकू आले नव्हते. त्यांतली एक, प्रितमची बहीण, म्हणाली, “मॅडम, काहीच नाही आयकू आलं. चिठ्ठीवर निरोगी होतं, म्हून लिहून देल्लं.” बाकीच्यांनीही तेच केले होते. ज्यांनी एकाच चिठ्ठीवरून नक्कल केली ते सात साक्षीदार होत नाहीत, एकच कागद होतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हा दोष दाखवला असता तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

तुझी आई त्या संध्याकाळी म्हणाली, “तुमसरले जाऊन दाखवून येऊ काय?” मी विचारले, कशासाठी? कार्ड आहे ना. दुसऱ्या दिवसापासून भाजीत मीठ घालण्याआधी ती आपल्यापुरती थोडी वाटीत काढून घेऊ लागली. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. मीठ कमी करा, असे रुचिकाने तिला चहा पिताना सांगितले होते, हे आता कळते. माझ्या निर्णयाचा तिने अवमान केला नाही. एका शाळकरी मुलीचे आळणी औषध चोवीस-पंचवीस दिवस माझ्या समोर बसून घेतले.

परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी रुचिका घरी आली होती. मॅडमला विचारून तिने यंत्र पिशवीत आणले होते. दारातूनच म्हणाली, “सर, काकूंचा एकदा घेऊन पाहू काय? घरी शांत राहते.” मी म्हणालो, “परीक्षा संपली.” ती चप्पल घालून गेली. तुझी आई आतून विचारत होती कोण आलं, मी म्हणालो कोणी नाही.

९ तारखेची सकाळही तुला पुरती माहीत नाही. तुझी आई चुलीपाशी बसली होती. मी चहा मागितला. तिने वळून पाहिले तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेले होते आणि डावा हात लोंबत होता. नीलेश, मी हसलो. “पुरे झाले,” असे म्हणालो. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी नेमके बोलण्याचा आग्रह धरणारा माणूस आहे, पण हे माप माझ्याकडे नाही. मग तिच्या हातातली पळी पडली.

चंद्रकांताबाईंच्या ओरडण्याने पहिली धावत आली ती रुचिका. तिनेच तुझ्या आईला कुशीवर वळवले, तोंडातली लाळ पुसली, मान धरली. जीपमध्ये तुमसरपर्यंत, आणि तेथून रुग्णवाहिकेत भंडाऱ्यापर्यंत, ती तशीच धरून बसली. तू दवाखान्याच्या दारात आलास तेव्हा तुझ्या आईचे डोके जिच्या मांडीवर होते, ती हीच. डॉक्टरांनी मला विचारले, आधी कधी बीपी तपासला होता का? मी म्हणालो, महिन्याभरापूर्वी, एकशेवीस-ऐंशी. ती मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि खाली पाहिले.

तेरवीच्या दिवशी तू कार्ड सर्वांना दाखवलेस. पंगत बसलेली होती. तू म्हणालास, “नर्स बनायले निघाली अन् बीपी मोजता येत नाही. माई माय मारली या पोरीनं.” जागेश्वर वाढत होता, त्याचा हात थांबला. रुचिका पाण्याचा जग घेऊन खांबापाशी होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण परीक्षेला मी होतो हे गावाला माहीत होते. मी जागेश्वरला म्हणालो, “भात वाढ.”

त्यानंतर तू तक्रार दिलीस. चौकशी पूर्ण होईपर्यंत विद्यार्थिनीला रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला पाठवू नये, असा आदेश निघाला. त्यावर सचिवाची सही लागते. ती आहे. प्रशिक्षण सोमवारी, १६ तारखेला, भंडाऱ्यात सुरू होते. त्याची हजेरी नसेल तर तिला बोर्डाच्या वार्षिक प्रात्यक्षिकाला बसता येत नाही, आणि हे वर्ष गेले तर जागेश्वर पुढचे देणार नाही. बालाघाटकडचे एक स्थळ त्याने बोलावून ठेवले आहे. मुलगी सतरा वर्षांची आहे.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. जागेश्वरने बाज टाकली. म्हणाला, “गुरुजी, पोरीले धान बांधायले लावलं. शिकून नाव खराब कराचं, त्याच्यापेक्षा घरी बरी.” त्याला काहीही माहीत नव्हते. मुलीने बापालाही सांगितले नव्हते. ती पाणी घेऊन आली. जागेश्वर बैलांकडे गेल्यावर मी विचारले, “तू त्या दिवशी बोलली का नाहीस?”

ती म्हणाली, “सर, तेरवी होती. मी बोलली असती तर लोक तुमाले बोलले असते. अन् काकू तर येत नव्हत्या परत.”

मी पाणी प्यालो आणि उठलो. जे सांगायला गेलो होतो ते सांगितले नाही.

तू विचारशील की मी सचिव आहे, कबुली देऊन प्रकरण मीच मिटवू शकतो, मग तुझी गरज काय? कबुली उद्या शाळेत पोहोचेल. राजीनामाही त्याच कागदासोबत जाईल. परंतु समितीतली माणसे मला ओळखतात. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचे चित्त ठिकाणावर नाही, शेजाऱ्याच्या पोरीला वाचवतो आहे, असे म्हणून ते चौकशी जानेवारीपर्यंत लांबवतील. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली तर चौकशीच उरत नाही. शिवाय गावाने तुझे वाक्य तुझ्या तोंडून ऐकले आहे. ते माझ्या कागदाने पुसले जाणार नाही. शनिवारी तुला अर्धी सुटी असते. तू ये, आधी जागेश्वरच्या घरी जा, मग शाळेत. आपल्या घरी यायचे की नाही, हे तू ठरव. मी त्यासाठी कोणताही युक्तिवाद मांडत नाही.

माझ्या हातून काय काय झाले याची यादी मोठी होते, आणि तू ती माझ्यापेक्षा मोठी करू शकशील. पण मी ती दोन दिवस तपासली. चुकीचे अनुमान, दारातून परत पाठवलेली मुलगी, डॉक्टरला दिलेले उत्तर, पंगतीतला भात, आदेशावरची सही, हे सर्व एका गोष्टीतून निघाले आहे. ती एक गोष्ट वेगळ्या कागदावर लिहितो. त्याच्या तीन प्रती केल्या आहेत. एक शाळेसाठी, एक जागेश्वरसाठी, ही तुझ्यासाठी.

सौ. राखीस आशीर्वाद. थंडीची काळजी घ्या. दोघांनीही एकदा रक्तदाब मोजून घ्या, आणि मोजणारा मोजत असताना बोलू नका.

तुझा,
बाबूजी


कबुली

मी, टिकाराम इश्वर पटले, राहणार बपेरा, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की दिनांक १४ ऑक्टोबर २०२४ रोजी कु. रुचिका जागेश्वर बिसने हिने माझी पत्नी शकुनबाई हिचा रक्तदाब १८६/१०४ असा मोजून लिहिला. तो मी माझ्या हाताने खोडला, तिने भरलेले कार्ड फाडले, आणि १२०/८० हा आकडा तिच्याकडून लिहवून घेतला.

माझी चूक एक आहे. स्टेथोस्कोप टेबलावर माझ्या हातापाशी पडला होता. तो कानाला न लावता मी आकडा खोडला. त्या खोलीत ऐकले होते ते एकट्या रुचिकाने.

टिकाराम इश्वर पटले
१२ डिसेंबर २०२४